पसंतीची मान

नानांनी यंदाच्या मिश्रणाचा पेला सून हेमलताच्या हातात दिला, तसे दाराशी ताटकळलेले कामगार पुढे सरकले. दिंडोरीच्या त्यांच्या वायनरीत लाल वाइनमध्ये शिराझ द्राक्षाची किती, कॅबर्नेची किती, हे तीस वर्षं नानांच्या जिभेवर ठरत आलं होतं. आता हेमलताची पसंतीही लागायची.

तीन वर्षांपूर्वीच्या तापापासून हेमलताला वासच येत नव्हता, त्यामुळे वाइनची चवही कळत नव्हती. पण बाटलीवर सासऱ्या-सुनेचा फोटो होता, सांगणार कुणाला? नानांचा चेहरा खुलला की ती मान हलवायची.

आज तो खुलेना. नाना उलट तिच्याच तोंडाकडे बघत होते.

“मान हलव, बाई,” ते हळूच म्हणाले. “मला चार वर्षं वास येत नाही. मी तुझ्याकडे बघूनच ठरवतो.”

तिने मान हलवली. कामगारांनी टाळ्या वाजवल्या.