रजेच्या नियमातलं झाड

कंपनीच्या नियमांचं पान लांबलचक होतं. वरच्या अनुक्रमणिकेतली ‘🌴 रजा कशी घ्यावी’ ही लिंक चार वर्षं चालत नव्हती, आणि खाली जाऊन शोधायचा धीर कुणाला नव्हता. नव्या मृण्मयीला कारण लगेच सापडलं: खालच्या शीर्षकाचा वेब-पत्ता बनताना इमोजी गळायचा, लिंक मात्र त्याच्यासकट शोधत बसायची. तिने नारळाचं झाड काढून टाकलं.

दुपारपर्यंत रजेचे अकरा अर्ज आले. पाठोपाठ रजा मंजूर करणारे कोंडविलकर सर आले.

“झाड कुणी काढलं?”

“मी. त्याच्यामुळे लिंक मोडली होती, सर.”

“माहितीये. म्हणूनच लावलं होतं. परत लाव.”

“लावते की, सोमवारी.” मृण्मयीने लॅपटॉप मिटला. “पहिला अर्ज माझाच आहे, सकाळचा. दोन तासांत नकार आला नाही तर रजा मंजूर, असं तुम्हीच खाली लिहिलंय.”