कड्यावरचा जाळ

नेस्टने गवताचा पहिला भारा कड्याच्या टोकावर पेटवला, तेव्हा सासूने तिचा हात धरला. "हिवाळाभर गुरांना काय घालशील?"

"आधी इवान घरी येऊ दे, आई."

वेल्सच्या त्या चिंचोळ्या द्वीपकल्पाला तिन्ही बाजूंनी समुद्र, आणि होडी लावायला कड्यांमधली एवढी एकच खाच होती. समोरच्या बेटावर संतांच्या दर्शनाला निघालेले कितीतरी यात्रेकरू पूर्वी इथल्याच भोवऱ्यांत बुडाले होते. आज मासेमारीला गेलेल्या होड्या वादळात सापडल्या होत्या. अंधारून आलं तरी नेस्टच्या नवऱ्याचा, इवानचा पत्ता नव्हता. होड्यांना अंधारात खाच सापडावी म्हणून नेस्ट भाऱ्यामागून भारा आणून जाळात टाकत राहिली.

अखेर एक होडी खाचेत शिरली. दोघी धडपडत खाली उतरल्या. होडीतून शेजारचा ह्यू उतरला, पण त्याला त्यांच्याकडे बघवेना.

"जाळ दिसला म्हणून आम्ही वाचलो," तो म्हणाला. "इवानची होडी आमच्या डोळ्यांदेखत उलटली. तो वर आलाच नाही. मागे अजून दोन होड्या आहेत."

नेस्ट वाळूतच बसली. सासू वळली आणि पुन्हा कडा चढू लागली. तिच्यामागून नेस्ट कशीबशी वर पोचली, तेव्हा जाळ विझत आला होता आणि म्हातारी गोठ्यातला शेवटचा भारा ओढत आणत होती.

"आता कशाला, आई?"

"त्या होड्यांतही कोणाची तरी मुलं आहेत," सासू धापा टाकत म्हणाली. "ये, दुसऱ्या बाजूने धर."