डाक्टरीणबाईंचे मासे

"चार झाल्या, बाई. आता नाही," म्हणत देवीलालने रहाटाचा दोर पायाखाली दाबून धरला.

सुनीतीबाईंनी रिकामी घागर काठावर आदळली. "चार घराच्या झाल्या. माशांच्या राहिल्यात. सोड दोर."

घागरी घेऊन खोळंबलेल्या बाया पदराआड हसल्या.

सत्तावन सालचा उन्हाळा होता. महागावकडच्या त्या गावात एवढी एकच विहीर जिवंत राहिली होती. देवीलाल बंजाऱ्यांच्या तांड्यातला, अंगानं दणकट, म्हणून सरपंचाने त्याला विहिरीवर बसवला होता. त्याच्याकडे कामं दोनच. घरामागं चार घागरींच्या वर कोणाला जाऊ द्यायचं नाही, आणि डोंगराखालच्या वस्तीला काठावर पाय ठेवू द्यायचा नाही. दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून त्या वस्तीनं गावातली मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. ढोरं ओढा, विहीर मोकळी करतो, असा सरपंचाने निरोप धाडला, तेव्हा तिथल्या तुळसाबाईनं चावडीपुढं येऊन तोंडावर सांगितलं होतं, "तहानेनं मरू, पण ढोर ओढणार नाही." तेव्हापासून त्या बाया नाल्याच्या रेतीत उकरलेल्या झिऱ्यावर भागवत.

सुनीतीबाईंचा नवरा ढोरांचा डॉक्टर होता. तो वारला तरी बाई यवतमाळला माहेरी गेल्या नाहीत. मोठ्या काचेच्या टाकीत त्याने कलकत्त्याहून आणलेले मासे होते, आणि त्या माशांपायी बाई गावाशी भांडत होत्या.

"असे कोनते मासे हायेत हे?" देवीलालने दोर न सोडता विचारलं.

"डिस्कस म्हणतात. थाळीसारखे चपटे, अंगावर निळ्या रेघा. फार नाजूक जात. अर्धं पाणी रोज बदलावं लागतं, नाहीतर आपल्याच घाणीनं मरतात. नवं पाणीही तसंच चालत नाही. रेतीतून, कोळशातून गाळून घालावं लागतं."

"अन् जुनं पानी?"

"मागच्या दारी ओतते. तुला काय करायचंय?"

देवीलालने पाय उचलला. कशाला, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. बाईंनी घागरी भरल्या आणि एकेक करून स्वतः कमरेवर घेऊन गेल्या.

गोष्ट सरपंचाच्या कानावर जायची ती गेलीच. त्याने बाईंना चावडीवर बोलावलं. साऱ्या गावादेखत म्हणाला, "अवो डाक्टरीणबाई, इथं मान्साले पानी नाही, अन् तुमी मासोया पोसून राह्यल्या?"

"माणसाला पाणी नाही, हे तुम्हाला दिसलं म्हणायचं," बाई म्हणाल्या.

सरपंचाने पागोटं मागं सरकवलं.

"ती विहीर माझ्या सासऱ्यांनी गावाला दिली," बाई पुढं म्हणाल्या. "देताना मोजून पाणी पाजा असं सांगितलं नव्हतं. माझ्या दारी जे जीव आहेत ते मी पाण्यावाचून मरू देणार नाही. जमत नसेल तर दोर कापून टाका. मी विहिरीत उतरून पाणी भरीन."

सरपंचाची कानशिलं लाल झाली. पण विहीर देणाऱ्याच्या सुनेवर हात कोण टाकणार? त्याने दुसरीकडून धरलं. "हे मासे कोनं पाह्यले तरी काय? घरात तर तुमी कोनालेच येऊ देत नाही."

"अनोळखी माणसाला ते बुजतात."

"मंग देवीलाल पाहीन. मासे नसले तं बाई, उद्यापासून तुमालेबी विहीर बंद."

सरपंच चार माणसं घेऊन फाटकाशी उभा राहिला. देवीलाल एकटा आत गेला. खोलीत गारवा होता. टाकीवर ओलं गोणपाट टाकलेलं होतं. वरच्या तिवईवर रेतीचं आणि कोळशाचं अशी एकाखाली एक मडकी होती, त्यातून पाणी टाकीत ठिबकत होतं.

बाईंनी त्याला अडवलं नाही. हात बांधून ताठ उभ्या राहिल्या. "बघ. आणि तुला वाटेल ते बाहेर जाऊन सांग. मी पाया पडणार नाही."

देवीलालने गोणपाट उचललं. वाकून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मग मागच्या दाराकडं पाहिलं, मग बाईंकडं. गोणपाट होतं तसं नीट पसरलं आणि बाहेर आला.

"काय रे?" सरपंचाने विचारलं.

"हायेत सायेब. थाळीवानी चपटे. निया रेघा अंगावर."

"किती?"

"मोजता नाही आले. पिल्लं झाली ना. समदी टाकी भरून गेली." तो सरपंचाच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला, "चार घागरीत नाही भागत त्यायचं. दुप्पट लागतीन."

सरपंच थुंकला. "मरू दे. ने बाप्पा, मासोयाचं पाप माह्या माथी नको. पन त्या डोंगराखालच्यायले थेंब गेला तं तुही चामडी सोलीन."

"जी," देवीलाल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांद्यावर कावड घेऊन तो स्वतःच बाईंच्या घरात शिरला. मडक्यांत पाणी ओतलं. टाकीवरचं गोणपाट काढून बादली खळकन आत बुडवली. कोणाला धक्का लागायची भीती नव्हती. संक्रांतीच्या थंडीत शेवटचा मासा मेला होता, तेव्हापासून टाकीत पाण्याशिवाय काही नव्हतं. भरली बादली घेऊन त्याने पायानं मागचं दार ढकललं. बाहेर रिकाम्या घागरी घेऊन उभ्या असलेल्या बाया विहिरीचा राखणदार पाहून दचकल्या, आणि त्यांच्या पुढं उभ्या तुळसाबाईला तो म्हणाला, "घागर धर, माय."