दुसरा ब्रेक

प्रज्ञाने ब्रेक दाबला तेव्हा सायकल बोनेटपासून हातभर अंतरावर होती. उभ्या ट्रकच्या आडून, डाव्या बाजूने ती एकदम रस्त्यात आली होती. सायकलवरच्या मुलीने गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. पाठीवरचं दप्तर सावरत ती पलीकडच्या गल्लीत शिरली आणि दिसेनाशी झाली.

गाडी बंद पडली होती. प्रज्ञाची बोटं स्टिअरिंगवर घट्ट आवळलेली होती. मागून कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होतं. तिने शेजारी पाहिलं. अभिमन नाना समोर बघत होते. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. नानांचा पाय त्या ब्रेकवर नव्हता.

पाच महिन्यांत असं पहिल्यांदाच झालं होतं. एरवी नानांचा पाय तिच्या आधी पडायचा. वळणावर, गर्दीत, कधी कधी तर चांगल्या मोकळ्या रस्त्यावर. गाडीला हिसका बसायचा आणि प्रज्ञा चपापायची. आपल्याला न दिसलेलं काहीतरी नानांना दिसलं असणार. तीस वर्षं धुळ्याच्या देवपुरातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी शिकवली होती. ती ओशाळून म्हणायची, "माझं लक्ष नव्हतं, नाना." नाना म्हणायचे, "राहू दे. मी शे ना शेजारी."

हळूहळू तिला त्या पायाची सवय झाली. टेस्टला शेजारी आरटीओचे साहेब बसले की तोच पाय नसायचा. पहिल्या वेळी तिने वळणावर ब्रेक उशिरा लावला. दुसऱ्या वेळी गाडी थांबायच्या रेषेच्या पार पुढे गेली. "मॅडम, ब्रेक कुणी दाबायचा, मी?" साहेब म्हणाले आणि त्यांनी कागदावर फुली मारली.

आता गुरुवारी तिसरी टेस्ट होती. शिकाऊ लायसन्सची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. नरडाण्याला वडील होते, आणि आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी धुळ्याला आणावं लागत होतं. भावाची गाडी तिथेच दारात ताडपत्रीखाली उभी होती. भाऊ सुरतेला. दर खेपेला कुणाला तरी गाडी चालवायला विनवायचं, आणि मागच्या सोमवारी कुणीच मिळालं नव्हतं. तो दिवस प्रज्ञाला आठवायचाही नव्हता.

"कुठून आली ती?" नानांनी विचारलं.

"डावीकडून. ट्रकच्या आडून."

"तुला आधी काय दिसलं?"

"पुढचं चाक. मग ती."

"चाक दिसल्याबरोबर पाय गेला?"

"हो."

साहेब विचारतात तसंच नाना विचारत आहेत, असं तिला वाटलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"तुम्ही ब्रेक दाबला नाहीत, नाना."

"नाही."

तिला क्षणभर संताप आला. त्या मुलीला काही झालं असतं तर? मग तिच्या ध्यानात आलं. नानांनी आज मुद्दाम सगळं तिच्यावर सोडलं होतं. आणि तिने गाडी थांबवली होती, एकटीने.

"गाडी चालू कर," नाना म्हणाले. "सावकाश स्कूलकडे परत घे. आणि जे दिसेल ते तोंडाने बोलत चल."

ती बोलत राहिली. डावीकडे रिक्षा. पुढे कुत्रं. भाजीची गाडी, तिच्यामागे म्हातारे बाबा. नाना दर वेळी पूर्ण मान वळवून बघत होते आणि हुंकार देत होते. स्कूलच्या दारात गाडी लागेपर्यंत त्यांचा पाय एकदाही ब्रेकवर गेला नाही.

गुरुवारी गाडी घेऊन नानांचा पुतण्या राकेश आला. नानांना बरं नाही, एवढंच तो म्हणाला. साहेबांनी तिला ओळखलं आणि ते शेजारी बसले. चढावर गाडी मागे सरकली नाही. वळणावर समोरून एक मोटारसायकल आडवी घुसली. साहेबांचा हात डॅशबोर्डवर गेला, पण गाडी आधीच थांबली होती.

"आज कुणी शिकवलं तुम्हाला?" साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली.

ती तिथूनच नानांच्या घरी गेली. नाना ओसरीवर बसले होते. स्कूलची पाटी उतरवून भिंतीला टेकवून ठेवली होती. शिकणाऱ्या पोरांची नावं लिहिलेली वही राकेश दुसऱ्या स्कूलवाल्याला वाचून दाखवत होता. प्रज्ञाचं तिकडे लक्षच गेलं नाही. ती नानांच्या पाया पडली.

"पास झाले, नाना. त्या दिवशी तुम्ही पाय उचलून घेतलात, म्हणून. तुम्ही माझ्यावर भरवसा टाकलात."

नानांनी तिला हाताला धरून उठवलं. हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. ती खुशीत घरी गेली असती.

"पाय उचलला नव्हता मी," ते म्हणाले. "ती मुलगी मला दिसलीच नाही. दुसऱ्या दिवशी जळगावला डॉक्टरकडे जाऊन आलो. काचबिंदू. डाव्या बाजूची नजर गेली. वर्ष तरी झालं असेल, म्हणे."

प्रज्ञा खाली बसली.

"पण एरवी तर तुम्ही माझ्याआधी ब्रेक दाबायचात," ती म्हणाली. "मोकळ्या रस्त्यावरही."

"डावीकडे काय आहे ते कळायचं नाही, म्हणूनच दाबायचो," नाना म्हणाले. "टेस्टला त्या दोन्ही वेळा तुला मी नापास केलं, पोरी."