बियाण्याचा दोरा

खांद्यावरची प्रवासाची पिशवी न उतरवताच ती गॅलरीत गेली. लेकीच्या बाळंतपणात तीन महिने गेले होते. रोज फोनवर नातवाचं कौतुक सांगून झालं की नवऱ्याला तिचा एकच प्रश्न असायचा, "मिरची कशी आहे?"

रंगाच्या जुन्या बादलीत रोप उभं होतं, मांडीला लागेल एवढं, मिरच्यांनी लगडलेलं. बुंध्याला तिचा लाल दोरा होता, उन्हाने विटलेला. दोरा म्हणजे हात लावायचा नाही, हे बियाण्याचं. आईने दिलेलं बी ती वीस वर्षं असंच एका बादलीतून दुसरीत जगवत आली होती. या वर्षी डबीत ओल शिरली. होतं नव्हतं ते सगळं बी पेरलं, तर रुजलं एकच.

"बघ, जिवापाड जपलंय," दारातून नवरा म्हणाला. "तुझ्या आईने जावयाला शाबासकी दिली असती."

ती वाकली. मिरच्या खाली लोंबत होत्या. आईची मिरची आभाळाकडे तोंड करून वाढायची, मान खाली घालणं तिला ठाऊकच नव्हतं. वीस वर्षं हा माणूस याच गॅलरीत बसून चहा पीत आला होता.

तिने एक मिरची तोडली. टोक चावलं, मग बियांसकट अर्धी खाल्ली. तिखटाचं नाव नाही, याहून काकडी बरी.

रोप वाळलं असेल. विसरला असेल पाणी घालायला, माणूस आहे. तसं सांगितलं असतं तर ती रडली असती, चार दिवस अबोला धरला असता आणि विषय मिटला असता. पण तिच्यासारख्या शिवणकाम करणाऱ्या बाईची गाठ सहजासहजी सुटत नाही. घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस चिमटा घेऊन बसला असणार. मेलेल्या रोपाची गाठ न तोडता सोडवली, विकतच्या रोपाला बांधली आणि फोनवर म्हणाला, "आज पहिलं फूल आलं बरं का!" तिने ते हौसेने मांडीवरच्या बाळालासुद्धा सांगितलं होतं. तेच तिला फार लागलं.

"कधी गेलं हो ते?"

"काय?"

"आईचं रोप."

"अगं, हे काय तुझ्यासमोर! आण इकडे." त्याने तिच्या हातातली उरलेली मिरची तोंडात टाकली आणि लगेच स्स-हा करत हाताने वारा घ्यायला लागला. "बाप रे! जाळ आहे नुसता. पाणी आण, पाणी!"

तिने आत जाऊन पाणी आणलं. तो घटाघटा प्यायला. पेला तिच्या हातात परत दिला आणि खिशातून रुमाल काढून कोरडे डोळे पुसू लागला.