खालची पट्टी

माकेरेताची शवपेटी उचलायची वेळ झाली, तरी चटईवर बसलेले चौघे गाणारे गप्पच होते. गावात पेटी गाण्याबरोबर निघते, आणि गाणं उचलायचा तो इनोके, तिचाच मुलगा. अकरा वर्षं त्यानेच उचललं. त्याने ओळ टाकायची, बाकीच्यांनी तिच्याखाली आवाज लावायचे. गेल्या वर्षी तो राजधानीत, सुवाच्या एका नव्या चर्चमध्ये गेला. तिथले पास्टर म्हणत, वाडवडिलांची विलापगीतं म्हणजे पाप.

इनोके दाराशी उभा होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, टाय, हातात बायबल.

आपेनिसाने शेजारी बसलेल्या विलिकेसाला कोपराने ढोसलं. "विली, सांग की पोराला. आईच आहे ना त्याची? का आम्ही दगडासारखं बसून राहायचं?"

विलिकेसाने वर्षभर मुलाजवळ काही मागितलं नव्हतं. बायकोच्या पेटीला वळसा घालून तो दाराशी गेला.

"इनोके, आईसाठी एकच ओळ उचल. पुढचं आम्ही बघतो."

"बाबा, सकाळपासून प्रार्थना करतोय मी तिच्यासाठी. पण हे गाणं माझ्याकडून व्हायचं नाही. देवाला तोंड दाखवायचंय मला."

"आणि तिला?"

इनोकेने मान खाली घातली.

विलिकेसा परत चटईवर येऊन बसला. जन्मभर खर्ज लावलेला गळा. त्याने स्वतःच ओळ उचलली. ती इतकी खाली लागली की बाकीच्यांना तिच्याखाली जायला जागाच उरली नाही. आपेनिसाचा आवाज नुसता घशात घरघरला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मागे कुणीतरी फसकन हसलं. माकेरेताला बेसूर खपत नसे. चुलीपाशी बसल्या बसल्या ती आतून ओरडायची. आज ओरडणारं कुणी नव्हतं. चौघांनी गाणं तसंच फरफटत शेवटाला नेलं.

पेटी उचलताना बापलेकांचे खांदे शेजारी आले.

"फार खाली धरलंत, बाबा," इनोके कुजबुजला.

"वर धरणारा दाराशी उभा होता."

मग विलिकेसाने मान वळवून मागे हाक दिली, "आपेनिसा, पुढचं गाणं. मीच उचलतो. याच पट्टीत."