प्लास्टरची गाठी

पाडव्याला दोन पोरांचे कपडे आणि अर्धा किलो श्रीखंड आणलं की मोरिवलीच्या किसनचा खिसा रिकामा व्हायचा. म्हणून गुढीला घालायची साखरेची गाठी त्याने कधी विकत आणलीच नाही. पूर्वी गणपतीच्या कारखान्यात होता, तेव्हा प्लास्टरची एक गाठी साच्यात ओतून त्याने गुलाबी रंगवून ठेवली होती. दर पाडव्याला तीच गुढीला चढायची आणि संध्याकाळी परत पत्र्याच्या डब्यात जायची.

"पप्पा, सगळी पोरं गाठी खातात," तेजल दरवर्षी कुरकुर करायची.

"खाऊ दे त्यांना. आपल्या घराण्यात चालत नाही. पोरांनी गाठी खाल्ली की बापाला बाधते," किसन तोंड गंभीर करून सांगायचा. त्याची बायको बकुळा पदराआड हसायची.

यंदा सणाची डबल हजेरी मिळते म्हणून किसन सकाळी गुढी उभारून केमिकल कंपनीत ड्युटीवर गेला. दुपारी तिकडे स्फोट झाला. संध्याकाळी किसनला पांढऱ्या कापडात गुंडाळून दारात आणलं, तेव्हा गुढी शेजाऱ्यांनी उतरवली.

सात वर्षांची तेजल रडली नाही. तीन दिवस ती कोपऱ्यात बसून होती. चौथ्या दिवशी बकुळाने तिला ओढून मांडीवर घेतलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली,

 

"मम्मी, मी खाल्ली नाही गाठी. नुसती चाटली. गोडसुद्धा नव्हती."